बंड्याला पाण्यात उतरवायचंय: पवना, पानशेत की मुळशी?

कोथरूडची_रमा:
लॅब्रॅडॉर, वय १४ महिने, वजन २९ किलो, नाव बंड्या. पाण्यात कधी उतरलेला नाही, पण बादली दिसली की तोंड बुचकळतो. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी डोंगरातल्या तळ्याकाठी न्यायचा विचार आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, मुक्काम नाही. प्रश्न असे:
१) पवना, पानशेत, मुळशी यातलं कुठलं? खडकवासला जवळ पडतं, तिथे जमेल का?
२) पहिल्यांदा उतरवायची पद्धत काय? लॅब आहे म्हणजे आपोआप पोहेल, असं जो तो सांगतो.
३) बरोबर काय काय घ्यावं?
रिसॉर्टच्या लिंका कृपया नकोत.

फुगवटा:
धरणाचं नाव नंतर बघू. आधी महिना ठरवा, मग काठ.

तुम्ही तळं म्हणताय, पण ही तिन्ही धरणं आहेत आणि आपण बघतो तो त्यांचा फुगवटा. हा शब्दांचा कीस वाटेल, पण खऱ्या तळ्याचा काठ वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, गवत-झुडपांनी धरलेला असतो. धरणाचा काठ दर आठवड्याला सरकतो. ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं, मग पाणी सुटायला लागतं. पवनेचं पिंपरी-चिंचवडला प्यायला, पानशेतचं खाली खडकवासल्यात येऊन पुण्याला आणि कालव्याला, मुळशीचं घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराला. मार्च-एप्रिलपर्यंत पाणी इतकं आत गेलेलं असतं की मधे नुसता गाळाचा पट्टा उरतो. वरून वाळून भेगाळलेला, टणक दिसतो, आत पिठल्यासारखा. माणूस एका पायावर भार देऊन दुसरा उपसतो. कुत्रं चारही पायांनी एकदम रुततं, घाबरून धडपडतं आणि धडपडीने आणखी खाली जातं. त्याला काढायला धावलेला माणूसही मांडीपर्यंत जातो.

दिवाळीनंतरचा बेत म्हणूनच चांगला आहे. तेव्हा पाणी गवताच्या रेषेला टेकलेलं असतं. तरीही बंड्याला गाडीतच ठेवून आधी एकट्याने काठावर जा. हातभर लांब, जाड काठी घ्या आणि पाण्यापासून दहा पावलं अलीकडून दर पावलाला अंगाचा भार टाकून रोवत या. टक् असा आवाज येऊन दोन बोटांपेक्षा जास्त गेली नाही तर खाली मुरूम किंवा कातळ आहे, चालेल. वीतभर गेली आणि काढताना पच् झालं तर तो काठ सोडा. तसंच पाण्यात गुडघाभर जाईपर्यंत करायचं. धरणाच्या भिंतीजवळ आणि दगड रचलेल्या उतारावर अजिबात नको, तिथे दोन पावलांत तळ सुटतो.

पर्वतीचा_पायथा:
खडकवासला: नाही. पाण्यात उतरायला मनाई आहे, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, आणि चौपाटीवर रविवारी भज्यांच्या गाड्या जास्त की माणसं जास्त हे कळत नाही. कुणी पाषाण तलाव सुचवायच्या आत तेही सांगतो: जलपर्णी आणि सांडपाणी, कुत्रं बाहेर येईल ते वेगळ्याच रंगाचं.

गोठ्यातला_डॉक्टर:
तिसऱ्या प्रश्नाचा निम्मा भाग महिनाभर आधी सुरू होतो, म्हणून आत्ताच लिहितो.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशी आणि गुरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत येतात, कातडीवरच्या बारीक खरचटीतून किंवा तोंडा-डोळ्यांतून आत जातात. फुगवट्याच्या काठी गुरं रोज पाण्यावर येतात, त्यामुळे प्रश्नच नाही. ७ इन १ किंवा ९ इन १ लशीत लेप्टो असतं, पण नुसत्या ५ इन १ मध्ये नसतं. फाइल उघडून स्टिकर बघा. पहिल्यांदाच देत असाल तर २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस, पुढे दर वर्षी. हिची मुदत वर्षाचीच धरायची. डिस्टेंपरची (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) जास्त टिकते म्हणून "मागच्या वर्षी सगळं दिलंय" यावर राहू नका. लस सगळे प्रकार झाकत नाही. सहलीनंतर पंधरवड्यात ताप, उलट्या, मागच्या पायांना हात लावू न देणं, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना "धरणावर गेलो होतो" हे आपणहून सांगा. हा आजार माणसालाही होतो, तेव्हा स्वतःच्या पायाला भेगा असतील तर गमबूट घाला.

गोचीड. गुरं बसतात ते गवत म्हणजे गोचिडांचं आगार. चघळायची गोळी, महिन्याची किंवा १२ आठवड्यांची, निदान २-३ दिवस आधी. फिट येणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध मात्र या सहलीसाठी वापरू नका: पाण्यात धुऊन जातं आणि पाण्यातल्या किड्यांना नि माशांना घातक असतं.

घरी आल्यावर कान, काख, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालची जागा, पट्ट्याखालची मान. चिमट्याने कातडीला लागून डोकं पकडा आणि पीळ न देता सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, मीठ, पेटती उदबत्ती, हे सगळं बंद. गोचीड बिथरून उलटी ओकते आणि तीच घाण रक्तात जाते. पुढचे तीन आठवडे भूक आणि हिरड्यांचा रंग बघत राहा. हिरड्या फिक्या, नाकातून रक्त किंवा लघवी कॉफीसारखी दिसली तर त्याच दिवशी रक्ततपासणी.

चिंचेची_फांदी:
डॉक्टरसाहेब, बाकी सगळं मान्य. उदबत्तीवाल्यांच्या भावना दुखावल्यात तेवढं बघा.

ओलाकान:
दुसऱ्या प्रश्नाकडे. लॅबला पाण्याची ओढ जन्मजात असते, पोहण्याची रीत शिकावी लागते. नवखं कुत्रं पुढचे पाय पाण्याबाहेर आपटतं, मागचा भाग बुडतो, अंग उभं होतं आणि दोन मिनिटांत दमतं. चांगलं पोहणाऱ्याची पाठ पाण्याला समांतर असते आणि पाय वर दिसत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावर आहे.

लाइफ जॅकेट घ्याच. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजून घ्या, वजनावरून नको. पट्ट्यात दोन बोटं जातील इतकं घट्ट. पाठीवर धरायची मूठ हवी. घरात घालून त्या मुठीने पाच सेकंद जमिनीपासून उचलून बघा: कुत्रं आडवं राहिलं तर बरोबर, मागून घसरलं तर पोटाचा पट्टा ढिला आहे. दोन-तीन दिवस घरातच जॅकेट घालून जेवायला द्या, नाहीतर तिथे गेल्यावर तो पुतळ्यासारखा उभा राहील.

पाण्यात पहिल्यांदा तुम्ही. घोट्याभर पाण्यात काठाला समांतर चाला, तो बरोबर. मग त्याचं पोट भिजेल इतकं. तिथे रमला, शेपूट हलायला लागली, की आणखी एक पाऊल. पाय सुटले की एक हात जॅकेटच्या मुठीवर, दुसरा पोटाखाली मागच्या बाजूला, आणि तोंड कायम काठाकडे. दोन-तीन मीटर पोहून त्याचे पाय टेकले पाहिजेत. एकेक खेप मिनिटभराची, चार-पाच खेपा, मधे पाच मिनिटं कोरड्यावर. पहिल्या दिवसाला एवढंच. दर वेळी एकाच जागेतून बाहेर काढा म्हणजे "बाहेर पडायची वाट इथे" हे डोक्यात बसतं. कुत्री बुडतात ती बहुधा दमल्यावर काठ चढता न आल्यामुळे.

उचलून टाकू नका. एकदा टाकलं की पुढे वर्षभर बादलीलाही भिईल.

अंग थरथरायला लागलं की बंद. दुसऱ्या दिवशी शेपूट मुळापासून लुळी लोंबत असेल तर मोडलेली नाही. गार पाण्यात फार वेळ हलवली की स्नायू धरतो, विश्रांतीने काही दिवसांत उतरतं. दुखत असेल तर औषध डॉक्टरांकडूनच.

दोरीवाला:
ओलाकान यांच्याशी एक सोडून सगळ्यावर सहमत. १० मीटरची दोरी का नाही लिहिली? जॅकेट असलं तरी बदकामागे सुटला तर मुठीला धरायला कोण जाणार?

ओलाकान:
मुद्दाम नाही लिहिली. धरणाच्या पाण्याखाली बुडालेली झाडं, कुंपणाच्या तारा, जुन्या घरांचे चौथरे आहेत. दोरी अडकली की दोरीच बुडवते.

दोरीवाला:
अडकते ती बुडणारी दोरी. नायलॉन बुडतं, म्हणून ते नको. हार्डवेअरच्या दुकानात निळी किंवा पिवळी प्लास्टिकची दोरी मिळते ती तरंगते; ८ मिमी जाडीची घ्या. टोकाला फास नको, मधे गाठ नको. कडी हार्नेसच्या पाठीवर, गळपट्ट्याला कधीच नाही. धरणारा माणूस काठावर उभा, दोरी ढिली पण हातात, हातात मोजे. ओढायची वेळ आली तर झटका न देता गोळा करत यायचं. डबीतून सुटणारी गुंडाळीची दोरी मात्र पूर्ण बाद: २९ किलोचा लॅब धावत सुटला की बोटं कापते, आणि डबी हातातून पडली की खडखडत मागे येते म्हणून कुत्रं आणखी जोरात पळतं.

ओलाकान:
तरंगणारी, हातात धरलेली आणि काठापासून ५ मीटरच्या आत असेल तर माझी हरकत नाही. सोडून दिलेली लोंबती दोरी नको, एवढाच आग्रह.

चिंचेची_फांदी:
पुण्यात दोघांचं एकमत झालं. धागा वर ठेवा.

मावळी_गडी:
काठाच्या गावांच्या बाजूने चार गोष्टी.

पाण्यावर ओळीने रिकाम्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे तरंगताना दिसले तर तो कचरा समजू नका, खाली जाळं लावलेलं आहे. संध्याकाळी लावतात, सकाळी काढतात, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा बरीच जाळी पाण्यातच असतात. जाळ्याचा बारीक नायलॉनचा धागा, तंगूस, डोळ्याला दिसत नाही. कुत्र्याचा पाय गेला की ते गोल फिरतं आणि गुंडाळून घेतं. त्या ओळीपासून पन्नास पावलं लांब राहा. खिशात बोथट टोकाची कात्री ठेवा. वेळ आलीच तर जाळं कापा, पण जाळ्याचे पैसे मालकाला देऊन या, ते त्याचं पोट आहे.

गळ टाकणाऱ्यांच्या जागाही ओळखा: पिठाच्या गोळ्यांची पिशवी, तुटकी दोरी. पिठाच्या वासाने कुत्रं गळ गिळतं. तोंडातून दोरा लोंबत असेल तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसाच पट्ट्याला चिकटवून डॉक्टर गाठा. दोऱ्यावरून गळ कुठे आहे ते कळतं.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघालेले असतात. मेंढरं दिसली की लांबूनच साखळी लावा आणि वारा बघून वळसा घाला. त्यांची कुत्री रात्रंदिवस राखण करणारी आहेत, तुमचा बंड्या खेळायला आला की लांडगा आला हे त्यांना विचारायला वेळ नसतो. गावातली कुत्री आली तर पळू नका, आपलं कुत्रं उचलूनही घेऊ नका, ती अंगावर उड्या मारतात. दोरी आखडून शांत चालत तिथून निघा.

आणि साडेपाचला गाडीत. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे, आणि तो माणसांच्या वावराला बुजत नाही. अंधारात झुडपाशी "सू करून येईल" म्हणून मोकळं सोडणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण.

कोथरूडची_रमा:
बापरे, बाटल्यांचं अजिबात माहीत नव्हतं. मावळीदादा, काठ खासगी असतो का? की कुठेही उतरलं तरी चालतं?

मावळी_गडी:
ताई, पाण्यालगतचा पट्टा बहुतेक ठिकाणी धरणासाठी घेतलेला, वरची शेतं लोकांची. गाडी बांधावर घालू नका. भात कापणीचे दिवस असतात, खळ्यावर कुत्रं गेलं की भांडण होणारच. पहिल्या घरी जाऊन "कुत्रं बांधून नेतोय, पाण्यावर जाऊ का?" एवढं विचारलं तर वाटही दाखवतात आणि गाळ कुठे आहे तेही सांगतात.

शब्दकिडा:
फुगवटा यांच्या तळं की धरण या मुद्द्याला जोडून. पुण्याच्या परिसरात डोंगरात खरं तळं म्हणावं असं जवळपास काही नाही. गडांवरची खोदीव टाकी आहेत. त्या टाक्यांत कुत्र्याला उतरवू नका, कित्येक ठिकाणी ट्रेकर तेच पाणी पितात. गडाचा विषय निघालाच तर: लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि अशा स्मारकात प्राणी आणायला मनाई आहे. "पवनेला गेलोच आहोत तर लोहगडही करू" हे बंड्यासह होणार नाही. भीमाशंकर आणि ताम्हिणी अभयारण्यं आहेत, तिथेही कुत्रं नको. कारण कागदी नाही. डिस्टेंपर पाळीव आणि भटक्या कुत्र्यांतून रानातल्या मांसाहारी प्राण्यांत जातो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा तपासणीत हाच विषाणू सापडला होता. मुळशीहून पुढे "जरा घाट बघून येऊ" म्हणत जाणाऱ्यांनी पाटी वाचावी.

पौडफाटा:
मुळशीच्या पाण्याखाली गावं आहेत. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, शाळेत एका ओळीत संपवतात. पवनेतही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं.

दोरीवाला:
अवांतर नाही, कामाचं आहे ते. जिथे देऊळ होतं तिथे विहीर आणि दगडी बांधही होते. जुन्या गावठाणाच्या बाजूच्या काठाला पाण्यात उतरू नये हा त्यातून निघणारा नियम. गावात विचारलं की म्हातारी माणसं बरोबर बोट दाखवतात.

झिपरीची_आई:
घरी पग आहे. वाचून वाटतंय न्यावा की नको?

ओलाकान:
काठावर न्या, खोल पाण्यात नको. चपट्या नाकाच्या कुत्र्याला नाक पाण्यावर ठेवायला डोकं मागे टाकावं लागतं, मग धड बुडतं. डॅक्सहुंडचे पाय पुरत नाहीत. बुलडॉग तर दगडासारखा जातो.

गोठ्यातला_डॉक्टर:
आणि पग उन्हात तापतो. खरं तर सगळीच. नोव्हेंबरची हवा गार वाटते, पण दुपारी काळा कातळ तापतो. तळहाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवा. धरवत नसेल तर पंजालाही नाही. जीभ लांब आणि टोकाला रुंद, लाळ घट्ट, हिरड्या विटेसारख्या लाल, चाल झोकांड्या खात, म्हणजे उष्माघात. आधी गार करा, मग गाडी काढा. साधं पाणी अंगभर ओतत राहा आणि वारा घाला, ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्यात वाफ कोंडते. थर्मामीटर मागून लावा: १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं, १०४ ला थांबायचं, १०६ म्हणजे जिवावरचं. उतरता उतरता १०३.५ ला पाणी ओतणं बंद, नाहीतर तापमान फार खाली जातं.

बेचव_बाकरवडी:
खाण्याचं कुणीच बोललं नाही! आपण तिथे भजी, कणीस खाणार, बंड्याने काय करायचं?

गोठ्यातला_डॉक्टर:
कणीस. यावर वेगळा धागा निघेल. दाणे खाऊन फेकलेल्या कणसाचे तुकडे लॅब न चावता गिळतो, ते पोटात विरघळत नाहीत, आतड्यात बुचासारखे अडकतात. एक्स-रेवर धड दिसतही नाहीत. उलट्या सुरू होतात दोन दिवसांनी, तोपर्यंत सहल विसरलेली असते, आणि शेवट ऑपरेशनने. पर्यटकांच्या जागी सगळीकडे ही कणसं पडलेली असतात, तेव्हा काठावर चालताना दोरी आखूड. कांदाभजी, लसणाची चटणी नको, कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट नको.

बंड्याचं जेवण: निघण्याआधी ३-४ तास निम्मं, म्हणजे घाटात ओकणार नाही. उरलेलं पाण्यातून बाहेर आल्यावर तासाभराने. भरल्या पोटी उड्या मारल्या की मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळवटायचा धोका असतो.

बेचव_बाकरवडी:
म्हणजे भजी फक्त आपण. बरं.

फुगवटा:
पिण्याच्या पाण्याचं राहिलं. किलोमागे दिवसाला ५०-६० मिलि हा बसल्या जागेचा हिशेब, बंड्याला साधारण दीड-पावणेदोन लिटर. पळापळीत दुप्पट. ४ लिटर घरून न्या आणि पाण्यात उतरवण्याआधी पाजा, म्हणजे धरणाचं कमी पिईल.

पोहताना चेंडू फेकू नका. चेंडू धरायला तोंड सताड उघडं राहतं आणि दर फेरीला घोट घोट पाणी आत जातं. अर्धा-पाऊण तास हे चाललं की रक्तातलं मीठ पातळ होतं: ओकारी, तोल जाणं, डोळे शून्यात, फिट. चपटं खेळणं घ्या, ते ओठांत धरता येतं. दहा मिनिटं खेळ, दहा मिनिटं बाहेर.

आणि पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, ऑइलपेंट सांडल्यासारखा, काठाला साय धरलेली दिसली तर त्या बाजूला पायही भिजवू नका. नेहमीचं शेवाळं काठीला धाग्यांसारखं लटकतं, हे लटकत नाही, रंगासारखं लागतं. ते विषारी असू शकतं, आणि कुत्रं नंतर अंग चाटतं त्यातून पोटात जातं. वारा ज्या काठाला लागतो तिथे ते जमतं, उन्हाळ्यात जास्त.

करवंदाची_जाळी:
नोव्हेंबरचा खरा शत्रू कुणी लिहिलाच नाही: कुसळं. गवत वाळलं की कुसळं सुटतात आणि त्यांना उलटे काटे असतात, आत जातात, मागे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यात घुसलेलं कुसळ आठवड्याने पूं होऊन बाहेर येतं. कानात गेलं तर कुत्रं एकदम डोकं एका बाजूला धरून झटकायला लागतं. कापसाची काडी घालू नका, आणखी आत ढकलाल. लांब केसांच्या कुत्र्यांच्या बोटांमधले केस आधी कापून घ्या.

दुसरी खाजकुइली. झाडावर लोंबणाऱ्या सोनेरी लवेच्या शेंगा. लव लागली की कुत्रं तोंड जमिनीवर घासतं. हाताने चोळू नका, चिकटपट्टी लावून लावून लव उचला, मग धुवा. स्वतः हातमोजे घाला, नाहीतर दोघं मिळून नाचाल.

साप: थंडीत सकाळी कातळावर ऊन खात असतात. फुरसं दगडाखाली. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचंही नाही. उचलून गाडीत. माणसाला देतात तीच प्रतिसर्प लस कुत्र्याला देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर ती चालते. वाटेतूनच फोन करून दवाखान्यात लस आहे का ते विचारा, नसेल तर तिथे जाण्यात तास घालवू नका.

सदाशिवपेठी:
एवढा सगळा व्याप करण्यापेक्षा घरी टबात पाणी भरा. ते पिण्याचं पाणी आहे हो! कुत्री त्यात घालायचीच कशाला?

मावळी_गडी:
त्याच पाण्यात म्हशी बसतात काका. पण तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. विष्ठा काठावर टाकून जाणं चुकीचंच, पावसात सगळं पाण्यात जातं. पिशवीत भरून पुण्याला परत. "माती टाकली वरून" म्हणजे उचललं नाही. पाण्यात शांपू नाही. आणि गावाची पाणीपुरवठ्याची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) जिथे आहे तिथे उतरायचं नाही, ती लांबूनही ओळखू येते.

सदाशिवपेठी:
पिशवी परत नेणार असतील तर जा. लिहून ठेवलंय मी.

झिपरीची_आई:
प्रथमोपचाराची यादी कुणी एका जागी लिहा ना.

गोठ्यातला_डॉक्टर:
सलाइनची बाटली (जखम, डोळे धुवायला), बेटाडिन (पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा, नुसतं ओतू नका), गॉझ, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, चिमटा, बोथट कात्री, थर्मामीटर, दोन मोठे टॉवेल, जुनी चादर. चादर झोळीसारखी: तळवा काचेने कापला तर २९ किलो काठापासून रस्त्यापर्यंत दोघांनी कसे आणायचे, याचं उत्तर ती आहे. आणि काच असतेच, विशेषतः जिथे रात्री तंबू लागतात त्या काठांना. दुखऱ्या कुत्र्याचं तोंड गॉझच्या पट्टीने सैल बांधून मग जखमेला हात लावा, मालकालाही चावतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, आपल्या घरातली कुठलीच दुखण्याची गोळी नाही.

पाण्यात गुदमरून बाहेर काढला असेल तर तो उठून हिंडायला लागला तरी २४ तास लक्ष. खोकला, भरभर श्वास दिसला की दवाखाना. पाणी फुफ्फुसात गेल्याचा त्रास उशिरा सुरू होतो.

पौडफाटा:
मूळ प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही हे लक्षात आलंय का कुणाच्या?

फुगवटा:
देतो. कोथरूडहून एका दिवसासाठी:

मुळशी रस्त्याला सोपं, चांदणी चौक-पिरंगुट-पौड. पण रस्त्यालगतचे सोपे काठ हॉटेल-रिसॉर्टवाल्यांनी वेढलेत, उरलेले बरेचसे तीव्र उताराचे. वीजघरासाठी पाणी घेतात, त्यामुळे काठावर पातळी बदलल्याच्या ओल्या रेषा दिसतील.

पवना सुंदर, दोन्हीकडे तुंग-तिकोना. पौडहून कोळवणमार्गे जाता येतं, कामशेतला वळसा नको. अडचण तंबूवाल्यांची: शनिवारची रात्र संपवून रविवारी सकाळी काठावर काच, हाडं आणि कणसं. न्यायचंच असेल तर मधल्या वारी.

पानशेत माझ्या मते बंड्याला बरं. सिंहगडाचा फाटा सोडून सरळ खानापूरवरून. फुगवट्याच्या आतल्या अंगाला मुरमाचे मंद उताराचे काठ आहेत. पण खडकवासला चौपाटी सकाळी सातच्या आधी पार करा आणि परतताना चारच्या आत निघा, नाहीतर सिंहगडची गर्दी तुमच्या मागे लागेल. भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रात मात्र उतरायचं नाही, पाणी कधीही सुटतं. भोंगा वाजला की माणसं आणि कुत्री दोन्ही वर.

पावसाळ्यात यातलं काहीच नको. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतातच, आणि ३० जून २०२४ ला भुशी धरणापाशी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले ते गुडघाभर वाटणाऱ्या पाण्यातच उभे होते.

कोथरूडची_रमा:
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: लेप्टोची लस फाइलमध्ये नाहीये, म्हणून आधी २ डोस, त्यात नोव्हेंबर जाईल, डिसेंबरचा दुसरा आठवडा धरते, शक्यतो गुरुवार. पानशेत. गोळी, जॅकेट, पिवळी दोरी, काठी, चादर, पिशव्या. सहाला निघणार, सातला पोचून लगेच पाण्यात.

ओलाकान:
लगेच नको. डिसेंबरात सकाळी सातला हवा दहा-बारा अंशांवर असते, ओल्या अंगाला ते झोंबतं. दहापर्यंत काठावर हिंडवा, वास घेऊ दे, दहा ते बारा पाण्यात. म्हणजे उन्हात वाळेल, आणि कातळ तापायच्या आत सावलीतही येईल. दुसऱ्या डोसनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या, एवढं तारखेत बसवा.

पोहून झालं की घरच्या पाण्याने खळबळून घ्या, मग कान. लोंबत्या कानाच्या आत ओल राहिली की तीन दिवसांत आंबूस वास आणि खाजवणं. कानाची पाळी उलटी करून बोटाला कोरडं फडकं गुंडाळून दिसतं तेवढंच पुसा, आणि परतीच्या वाटेवर पाळ्या डोक्यावर उलट्या टाकून ठेवा. लॅब काही बोलत नाही त्याला. जॅकेट काढल्यावर पट्ट्यांखालचे केसही वाळवा, तिथे ओल राहून एका रात्रीत चिघळतं.

दोरीवाला:
गाडीत पट्टा हार्नेसच्या छातीला, गळ्याला नाही. काचा दोन बोटं उघड्या.

बेचव_बाकरवडी:
ओल्या लॅबबरोबर दीड तास गाडीत आणि काचा फक्त दोन बोटं? रमाताई, चार ठेवा.